सही कुणाची, जबाबदारी कुणाची?

सही करणाऱ्याने पुढे ती नाकारू नये, ही सावकार आणि सरकार या दोघांचीही फार जुनी चिंता आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या सामानाचा करार लिहून घेतला आणि त्या कागदावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा उमटवून घेतला. या माणसाने सही नाकारण्याचा विचारही मनात आणू नये, हा त्यामागचा हेतू हर्शेलने स्वतःच पुढे नमूद केला आहे. बोटांच्या ठशांच्या शास्त्राचा एक उगम असा राज्यकर्त्याच्या अविश्वासात आहे. ठसा एकाच बाजूने घेतला गेला, ही बाब मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आज पंजाच्या ठशाची जागा आकड्यांनी घेतली आहे. कंपन्यांची विवरणपत्रे, सरकारी निविदा, बँकांचे कर्जकरार, ग्रामपंचायतींची देणी आणि २०१८ सालच्या महाराष्ट्रदिनापासून महाराष्ट्रातले सातबारा उतारेसुद्धा डिजिटल स्वाक्षरीने निघू लागले आहेत. ही सही खरी आहे असे सांगण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले आहे, त्या परवानाधारक प्रमाणन संस्थांविषयी मात्र राजकीय कार्यकर्त्यांत जवळजवळ चर्चाच होत नाही. विषय यंत्राचा आहे, तो अभियंत्यांनी पाहावा, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः हा प्रश्न मालमत्तेचा, पुराव्याचा आणि जबाबदारीच्या वाटपाचा आहे. म्हणजेच तो राजकारणाचा आहे.

यंत्रणा समजण्यास फारशी अवघड नाही. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली. प्रत्येकाजवळ एक गुप्त किल्ली आणि तिच्या जोडीची एक खुली किल्ली. गुप्त किल्लीने दस्तऐवजावर सही करावयाची, खुल्या किल्लीने ती कोणीही तपासावयाची. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी तपासणीत ते उघड होते. गणित भक्कम आहे. पण ही खुली किल्ली अमुक गावच्या अमुक व्यक्तीचीच आहे, हे गणिताला सांगता येत नाही; ते कोणा माणसाने वा संस्थेनेच सांगावे लागते. ओळखीचे कागद पाहून ‘ही किल्ली याची’ असा दाखला देणारी जी संस्था, ती प्रमाणन संस्था. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, त्याखाली केंद्र सरकारने एक नियंत्रक नेमला, आणि २००२ पासून नियंत्रकाने संस्थांना परवाने देण्यास आरंभ केला. परवाना मागणाऱ्या कंपनीची नक्त मत्ता निदान ५० कोटी रुपयांची असावी, अशी अट २००० सालच्या नियमांनी घातली. परवानाधारकांत ई-मुद्रासारखी खासगी कंपनी आहे, पुण्यात मुख्यालय असलेली सरकारी सी-डॅक आहे, आणि रासायनिक खते बनविणाऱ्या गुजरात नर्मदा व्हॅली फर्टिलायझर्स या कंपनीचा एक विभागही आहे. (शेताचे खत आणि कर्जाचे खत एकाच छपराखाली यावे, याची मराठी वाचकाला तरी गंमत वाटेल.)

आता या धंद्याचे अर्थशास्त्र पाहावे. सामान्य बाजारात माल विकत घेणारा आणि त्याचे बरेवाईट भोगणारा बहुधा एकच असतो. ज्वारी किडकी निघाली तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते. प्रमाणपत्राची गोष्ट निराळी आहे. ते विकत घेतो सही करणारा. त्याला ते स्वस्त हवे असते, आजच्या आज हवे असते आणि तपासणीचा जाच नको असतो. त्यावर विसंबतो मात्र दुसराच कोणी : निविदा उघडणारा अधिकारी, कर्ज देणारी बँक, जमिनीचा व्यवहार करणारा शेतकरी. हा दुसरा प्रमाणन संस्थेला एक छदामही देत नाही आणि तिची निवडही त्याने केलेली नसते. स्पर्धा वाढली म्हणजे दर्जा सुधारतो हे बाजारवाद्यांचे आवडते सूत्र येथे नेमके उलटे लागू पडते. स्पर्धा संस्थांना तपासणी सैल करण्याकडेच ओढते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते, की जेथे मालाचा दर्जा गिऱ्हाइकाला पारखता येत नाही तेथे वाईट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर घालवितो. २००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टात पतमापन संस्थांनी हाच धडा दिला. रोखे काढणाराच त्यांना पैसे देत होता, आणि रोख्यांना उत्तम शेरे मिळत होते.

विश्वासाच्या या बाजारात काय होऊ शकते, ते नेदरलँड्सने २०११ साली पाहिले. हा प्रसंग थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण तेथे कायदा होता, परवाना होता, लेखापरीक्षण होते आणि देशही सुव्यवस्थित म्हणून नावाजलेला होता.

बेव्हरवाइक गावची डिजिनोटार ही कंपनी डच नोटरींच्या वर्तुळातून निघालेली. त्या देशात नोटरी हा मोठ्या प्रतिष्ठेचा व्यवसाय असल्याने कंपनीलाही ती प्रतिष्ठा आपोआप लाभली. कायद्याने हस्ताक्षराच्या बरोबरीची मानलेली इलेक्ट्रॉनिक सही देण्याचा अधिकार तिला होता, आणि सरकारच्या कित्येक खात्यांची संकेतस्थळे व देवघेव तिच्या प्रमाणपत्रांवर चालत होती. युरोपीय मानकांप्रमाणे तिचे लेखापरीक्षण होई आणि शेरा समाधानकारक मिळे. जानेवारी २०११ मध्ये व्हास्को या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये घुसखोर तिच्या संगणकांत शिरले आणि जुलैमध्ये त्यांनी गूगलसह अनेकांच्या नावांची खोटी प्रमाणपत्रे तयार करून घेतली. त्यांची संख्या पुढे ५३१ भरली. कंपनीला हा प्रकार १९ जुलैच्या सुमारास कळला. तिने काही प्रमाणपत्रे गुपचूप रद्द केली आणि तोंड मिटून बसली. सरकारला सांगितले नाही, गिऱ्हाइकांना सांगितले नाही, जगालाही सांगितले नाही.

वाच्यता झाली ती ऑगस्टच्या अखेरीस, आणि तीही एका इराणी नागरिकामुळे. आपल्या ब्राउजरने गूगलच्या टपालपानावर काही विपरीत इशारा दिला, अशी तक्रार त्याने जाहीरपणे मांडली. मग कळले, की खोट्या प्रमाणपत्राच्या आडोशाने इराणमधील सुमारे ३ लाख लोकांचा पत्रव्यवहार उघडा पडला होता. ज्या राजवटीत एका पत्रापायी माणूस तुरुंगात जातो तेथे याचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको. त्या लोकांनी डिजिनोटारचे नावही ऐकले नसेल. त्यांनी तिला पैसे दिले नव्हते आणि तिने त्यांना काही वचनही दिले नव्हते. फॉक्स-आयटी या चौकशी करणाऱ्या कंपनीला आढळले, की महत्त्वाच्या संगणकांवर विषाणूरोधक व्यवस्थाच नव्हती, बाहेरून दिसणाऱ्या यंत्रांवरील आज्ञावली जुनाट होत्या आणि पासवर्ड सहज फोडता येण्याजोगा होता. आदले लेखापरीक्षण या सगळ्यावरून नजर फिरवून गेले होते.

३ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर डच गृहमंत्री पिट हाइन डॉनर यांना पत्रकार परिषद घेऊन सांगावे लागले, की सरकारचा या कंपनीवर विश्वास राहिलेला नाही. सरकारने तिचा कारभारच ताब्यात घेतला. पण त्यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. ही प्रमाणपत्रे बाद करणारी संगणकातील दुरुस्ती नेदरलँड्सपुरती काही दिवस लांबणीवर टाकावी, अशी विनंती डच सरकारला मायक्रोसॉफ्टला करावी लागली. नाहीतर सरकारी सेवाच बंद पडल्या असत्या. एका सार्वभौम राज्याने आपला कारभार चालू राहावा म्हणून परदेशी कंपनीकडे मुदत मागितली! २० सप्टेंबरला डिजिनोटारचे दिवाळे जाहीर झाले. कायद्यात तिची जबाबदारी लिहिलेली होती. पण दिवाळखोराकडून भरपाई कशी वसूल होणार? सारी प्रमाणपत्रे बदलण्याची यातायात खात्यांना करावी लागली. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, या जुन्या सूत्राचे हे अद्ययावत उदाहरण होय.

यावर कोणी चटकन म्हणेल, की मग हा धंदा सरकारनेच करावा. समाजवाद्यांना हा निष्कर्ष जवळचा वाटेल. पण वस्तुस्थिती त्याला पुरती दुजोरा देत नाही. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे पुन्हा सापडली, आणि ती दिली गेली होती खुद्द भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून. नियंत्रकाने त्या यंत्रणेची संबंधित प्रमाणपत्रे तत्परतेने रद्द केली, हे खरे. तरीही गूगलने आपल्या ब्राउजरमध्ये भारताच्या मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्या ७ नावांपुरती आकुंचित केली. संसदेच्या कायद्याने दिलेला विश्वास कॅलिफोर्नियातील एका कंपनीने कातरला, आणि तांत्रिकदृष्ट्या तिचे चुकले असेही म्हणता येत नाही. तात्पर्य, मालकी सरकारी की खासगी हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पुरेसा नाही. चूक झाली तर ती कोणी कबूल करावयाची, कोणी सिद्ध करावयाची आणि कोणी भरून द्यावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्याने कशी दिली आहेत हे पाहावे लागते.

या कसोटीवर आपला कायदा कोणाच्या बाजूचा आहे? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४२ वे कलम सांगते, की गुप्त किल्ली सुरक्षित ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यावी. ती दुसऱ्याच्या हाती गेली असेल तर तसे प्रमाणन संस्थेला कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. त्याला जोडून पुराव्याचा कायदा सांगतो, की सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही ही त्या माणसाने जाणूनबुजून केली असेच न्यायालयाने गृहीत धरावे. उलट सिद्ध करणे ज्याचे त्याने पाहावे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे गृहीतक कायम राहिले. उलटपक्षी, प्रमाणन संस्थेने आपली चूक नसल्याचे सिद्ध करावे, असे कलम आपल्या कायद्यात नाही. संस्थेचे दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे आणि अहवाल नियंत्रकाकडे जावा, असे नियम म्हणतात. तो जनतेपुढे ठेवण्याचे बंधन त्यांत नाही.

युरोपीय संघाने २०१४ साली केलेला आणि १ जुलै २०१६ पासून लागू झालेला विश्वाससेवांचा कायदा येथे ताडून पाहावा. उच्च दर्जाचा परवाना असलेल्या संस्थेमुळे कोणाचे नुकसान झाले, तर तिने हेतुतः किंवा निष्काळजीपणे वागून ते केले असेच त्या कायद्याचे १३ वे कलम गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार संस्थेवर आहे. यंत्रसामग्री तिच्याकडे, नोंदी तिच्याकडे, तज्ज्ञ तिच्याकडे; मग पुराव्याचा भारही तिच्याकडे. यात क्रांतिकारक असे काही नाही, निव्वळ व्यवहारबुद्धी आहे. युरोपचे भांडवलशाही देश जे मान्य करतात, ते भारतीय प्रजासत्ताकाला जड का व्हावे?

भारतातला सही करणारा कोण आहे, याचाही विचार करावयास हवा. मुंबईतल्या बड्या कंपनीच्या संचालकाला वकिलांची फौज असते. पण ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा खर्च करावयाचा तर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. ज्याला कचेऱ्यांतून कोणी डीएससी तर कोणी डोंगल म्हणतात ते बोटाएवढे टोकन सरपंचाच्या नावाचे असते. राखीव जागेवरून निवडून आलेल्या एखाद्या मजूर बाईचे ते टोकन, त्याच्या पासवर्डच्या चिठ्ठीसह, प्रत्यक्षात कोणाच्या कपाटात पडून असते, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. उद्या घोटाळा उघडकीला आला तर कायदा म्हणणार : सही बाईंची, किल्ली सांभाळण्याची जबाबदारी बाईंची. टोकन देताना या जबाबदारीचा अर्थ तिला कोणी मराठीत समजावून सांगितला होता काय, हे कोणी विचारणार नाही.

कर्जदाराची स्थिती याहून नाजूक आहे. २०१५ पासून आधारच्या आधारे तत्काळ इलेक्ट्रॉनिक सही करण्याची सोय झाली. तीत टोकनही लागत नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की सेवा देणाऱ्या संस्थेच्या यंत्रात किल्ली तयार होते, सही उमटते आणि किल्ली नष्ट होते. सही करण्याचे साधन सहीच्या वेळी केवळ सही करणाऱ्याच्याच ताब्यात असावे, ही सुरक्षित सहीची कायद्यातील व्याख्या. येथे त्याच्या ताब्यात असतो तो एक सहा आकडी क्रमांक, आणि तो फोनवरून गोड बोलून काढून घेणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच देशात उभा राहिला आहे. कर्जाचा करार इंग्रजीत, पाने अनेक, पडदा चार बोटांचा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक व स्वाक्षांकित प्रती कर्जदाराला पाठविणे सक्तीचे केले. ते स्वागतार्ह आहे. पण प्रत मिळाल्याने सहीमागची संमती सिद्ध होत नाही.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख धनधान्यावर नव्हता. त्यांना खते आणि रोखे हवे होते, आणि ते हाती लागताच त्यांनी जाळले. निरक्षर कुळाने नांगराची निशाणी करावी, वर काय लिहिले आहे ते सावकाराने ठरवावे, आणि दिवाणी न्यायालयाने कागद खरा धरून हुकूमनामा द्यावा, असा तो काळ होता. परकीय सरकारसुद्धा या दंग्यांनी हादरले. त्यातून १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी त्याने दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्याचे कर्जखत सरकारने नेमलेल्या ग्राम-निबंधकासमोर लिहिले गेले नसेल तर ते पुराव्यात घ्यावयाचे नाही. आणि खटला उभा राहिला की न्यायालयाने खताच्या पाठीमागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, व्यवहार कसा वाढत गेला, याचा स्वतः शोध घ्यावयाचा. सही आहे म्हणून प्रश्न मिटला, असे त्या कायद्याने मानले नाही.

हा कायदा निर्दोष नव्हता. सावकारांनी गहाणाऐवजी विक्रीखते करून घेऊन त्यातून वाटा काढल्या, आणि ग्राम-निबंधकांची पद्धतही पुढे टिकली नाही. परंतु दुबळ्याच्या सहीला बलवंताच्या सहीसारखेच वजन देणे हा न्याय होत नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. ते एका साम्राज्यवादी सरकारने, दंग्यांच्या धाकाने का होईना, मान्य केले. स्वतंत्र भारताचा कायदा त्या बाबतीत १८७९ च्याही मागे गेला आहे.

इलेक्ट्रॉनिक सहीचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. १५ रुपयांत घरबसल्या सातबारा मिळतो आणि तलाठ्याच्या (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे आहे) मागे चपला झिजवाव्या लागत नाहीत, ही सामान्य शेतकऱ्याची सुटकाच आहे. जुन्या शिक्क्यांच्या राज्यात चिरीमिरी होती, खोटे दाखले होते, मेलेल्यांचे अंगठे होते. त्या राज्यासाठी अश्रू ढाळण्याची गरज नाही. पण यंत्राने दलालाला बाजूला सारले म्हणून यंत्रवाल्याला जाब विचारू नये, असे होत नाही.

मागण्या साध्या आहेत, आणि त्यांना आणखी एखाद्या आयोगाची आवश्यकता नाही. प्रमाणन संस्थेच्या प्रमाणपत्रामुळे नुकसान झाले तर निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार संस्थेवर टाकणारे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यात यावे. घुसखोरी झाल्यास ती ठरावीक तासांत जाहीर करणे सक्तीचे असावे, आणि लपविणाऱ्याचा परवाना जावा. प्रत्येक प्रमाणपत्राच्या शुल्कातून अल्पसा अंश काढून नियंत्रकाकडे भरपाई निधी उभारावा, म्हणजे दिवाळे निघालेल्या कंपनीच्या दारात कोणाला बसावे लागणार नाही. लेखापरीक्षक नियंत्रकाने नेमावा, त्याचे वेतनही नियंत्रकाने द्यावे आणि अहवाल प्रसिद्ध व्हावा. ठरावीक मर्यादेखालच्या कर्जांत ओटीपीच्या सहीला निर्णायक पुरावा न मानता न्यायालयाने १८७९ च्या धर्तीवर व्यवहाराच्या मुळाशी जावे. यातील बहुतेक गोष्टींसाठी संसदेत झगडावे लागेल, आणि त्याला वेळ लागेल.

एक गोष्ट मात्र संसदेची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी उभे राहून, कोणाचा उपमर्द न करता, एवढेच विचारावे : सरपंचबाईंचे टोकन आज कोणाकडे आहे, त्यांनी स्वतः ते शेवटचे कधी वापरले, आणि त्यांच्या सहीने गेल्या वर्षभरात किती रक्कम कोणाकोणाला गेली? उत्तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, आणि त्याखाली बाईंची शाईची सही घ्यावी.